बकलाचा काटा

मला उंचीची भीती वाटते. आज हे सांगायला काही वाटत नाही, कारण आता मला कोणी खांबावर चढवणार नाही. तेव्हा बोललो असतो तर विजेच्या खात्यातली नोकरी हातची गेली असती, आणि आमच्या घरातली ती पहिली सरकारी नोकरी होती. वडील अकोल्याच्या कापूस बाजारात हमाली करत. मी मॅट्रिकला दोनदा नापास झालेलो, तरी वस्तीत सगळ्यांत जास्त शिकलेला. हेल्परच्या नोकरीचा कागद आला तेव्हा आईने तो आधी छप्पन सालच्या दीक्षेनंतर घरात लागलेल्या तसबिरीपुढे ठेवला आणि मग वडलांना म्हणाली, "एवढ्या वर चढा लागते म्हन्तेत. पोरगं पडलं म्हंजे?"

वडील म्हणाले, "पगार त खालीच भेटते ना."

असा मी चढलो.

त्या वर्षी अकोल्याहून बार्शीटाकळीच्या अंगाला नवी लाइन जात होती. आमची टोळी सहा जणांची. मिस्त्री अचलपूरचे, पन्नाशी ओलांडलेले, ठेंगणे आणि भयंकर शिस्तीचे. त्यांना सगळे चाचा म्हणत. खात्याचे छापील नियम ऑफिसातल्या भिंतीवर होते. ते कोणी वाचत नसे, कारण ते इंग्रजीत होते आणि भिंत साहेबांच्या खुर्चीमागे होती. आमच्यासाठी चाचांचे नियम होते. एक म्हणजे, घरून भांडून आलेला माणूस त्या दिवशी वर जाणार नाही. रोज सकाळी ते ओळीने तोंडं पाहत विचारायचे, "कोन कोन भांडून आलं?" थंडीच्या दिवसांत निम्मी टोळी भांडून आलेली असे. मग चाचा म्हणायचे, "बायका तुमच्या, आन बदनामी त्याहीची," आणि हसत सगळ्यांनाच कामाला लावायचे. पण खरंच कोणाचा चेहरा उतरलेला दिसला, तर त्याला दिवसभर खाली दोर धरायला ठेवायचे. काय झालं, हे विचारत नसत.

दुसरा नियम मात्र थट्टेत घालवता येत नसे. चढणाऱ्याच्या कमरेला जाड पट्टा असायचा. वर पोचल्यावर त्याचा दोर खांबाभोवती घेऊन अडकवायचा आणि पाठ मागे टाकून दोन्ही हात कामाला मोकळे करायचे. म्हणजे सगळा भार कमरेच्या बकलावर. ते बक्कल चढणाऱ्याने स्वतः लावायचं, पण तपासायचं खाली उभ्या असलेल्या जोडीदाराने. नुसतं पाहून नाही. पट्टा आणि पाठ यांच्यात हात घालून जोराने हिसका द्यायचा, बकलाचा काटा भोकात बसलाय का ते बोटाने चाचपायचं आणि मोठ्याने म्हणायचं, "हात लागला." तेव्हा चढणारा म्हणणार, "चढतो." हे दोन शब्द कानावर पडल्याशिवाय कोणाचा पाय खांबाला लागला, तर चाचा शेजारच्या शेतापर्यंत ऐकू जाईल असं बोलायचे. "पाहू नको, हात लाव," हे तर ते दिवसातून वीसदा म्हणत. आपल्या टोळीतला एकही माणूस हात लागल्याशिवाय वर गेलेला नाही, हे ते दुसऱ्या टोळीच्या मिस्त्र्यांना अभिमानाने सांगत. दुसरा कसला अभिमान मी त्यांच्यात पाहिला नाही.

माझी जोडी लागली ती बुवाशी. बुवा चाळिशीचा, बार्शीटाकळीजवळच्या एका गावचा, घरी काळ्या मातीची थोडी शेती, गळ्यात माळ. कामाला वाघ. मी शिकलेला म्हणून मला मास्तर म्हणायचा. पहिल्या आठवड्यात तो चढायला निघाला तसा मी नियमाप्रमाणे हात पुढे केला. तो अर्धं पाऊल बाजूला सरकला आणि हळूच म्हणाला, "राहू दे मास्तर. म्या पाह्यलं हाय." रागाने नाही म्हणाला, अगदी साध्या आवाजात म्हणाला, समोरचा दगड चुकवून जावं तसं. आणि मग जरा मोठ्याने, चाचांना ऐकू जाईल असं, "चढतो!"

दोन शब्दांतला पहिला शब्द माझा होता. चाचा पुढच्या खांबापाशी उभे होते, आमच्याकडे तोंड करून. माझा हात बुवाच्या कमरेपासून वीतभर अंतरावर होता. मी ओरडलो, "हात लागला!"

दुसऱ्या दिवशी मी चढणार होतो. बुवानेही आपला हात तसाच वीतभर लांब धरला, डोळ्यांनी माझं बक्कल पाहिलं आणि म्हणाला, "हात लागला."

मी रागीट माणूस आहे. त्या दिवशी वर चढताना मला उंचीची भीती वाटली नाही इतका राग आला होता. पण तो राग मी चाचांपाशी नेला नाही, साहेबापाशीही नेला नाही. मी मनात म्हटलं, तुला माझा हात नको, तर मलाही तुझा नको. पुढे तो सरकायच्या आधीच मी हात आखडू लागलो. वीतभर अंतर आम्ही दोघांनी मिळून सांभाळलं, एखादी वस्तू दोघांनी मिळून उचलावी तसं. लांबून पाहणाऱ्याला हात कमरेवरच आहे असं वाटे. माझा पट्टा मीच तीनतीनदा हिसकून पाहायचो आणि वर जायचो.

बुवा वाईट होता असं लिहून मोकळं होता आलं असतं तर बरं झालं असतं. पण मी वर असलो की खालून त्याचा आवाज सतत चालू असायचा. "मास्तर, टाच दाब. घाई नको करू. तो डावा हात कुठी चालला बे, तार हाय तिकडे." एकदा वादळानंतर खांबाच्या ताणाची तार मी सहज धरली आणि तिच्यात वीज उतरलेली होती. मूठ उघडेना, तोंडातून आवाज निघेना. बुवाने वाळलेला बांबू उचलून माझ्या हातावर असा हाणला की हात सुटला आणि मी मातीत पडलो. विजेला चिकटलेल्या माणसाला हाताने ओढायचं नसतं, तेव्हा त्या दिवशी त्याने मला शिवलं नाही हे बरोबरच केलं. नंतर तोच बांधावर बसून म्हणत राहिला, "मेला असता ना बे मास्तर. घरी माय काय म्हनली असती?" मग त्याने मला पाणी पाजलं. त्याचाच लोटा होता. मी ओंजळ केली आणि त्याने लोटा उंच धरून वरून धार सोडली. ते पाणी मी प्यालो. त्याने माझा जीव वाचवला होता आणि मला त्याचा इतका राग आला होता की आभार मानायला तोंड उघडेना.

अशी चार वर्षं गेली.

दिवाळीनंतरचे दिवस होते. शेजारच्या शेतात बाया कापूस वेचत होत्या. बुवा सकाळपासून गप्प होता, डोळे तांबारलेले. चाचांनी नेहमीसारखं विचारलं, कोण भांडून आलं. कोणी बोललं नाही. ताप कोणाला आहे, हे विचारायची पद्धत नव्हती. खांबापाशी तो पट्टा लावत होता तेव्हा त्याची बोटं थरथरत होती, ते मी पाहिलं. बक्कल त्याच्या डाव्या कुशीवर होतं आणि सदरा त्यावर आला होता. माझा हात सवयीने पुढे गेला आणि सवयीनेच थांबला. मला वाटलं, आज तरी लावावा. हेही वाटलं की लावला आणि तो पुन्हा बाजूला सरकला, तर आज मी त्याला सोडणार नाही. मी म्हणालो, "हात लागला."

वीस फुटांवर त्याने दोर अडकवला आणि पाठ मागे टाकली. पट्टा कमरेतून सुटला. तो नांगरलेल्या काळ्या मातीत कुशीवर आदळला. बाया ओरडत धावल्या. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं, सदरा सोडला, तोंडावर पाणी मारलं. तो शुद्धीवर असता तर बाजूला सरकला असता, हे त्या क्षणीही माझ्या मनात आलं. त्याची मला आजही लाज वाटते.

चाचा धावत आले. आधी त्याच्या छातीला कान लावला. "हाय, हाय, जिवंत हाय," म्हणाले आणि बैलगाडीसाठी माणूस पिटाळला. मग त्यांनी पट्टा उचलला. बकलाचा काटा वाकलेला होता. तो काटा चाचांच्या हातचा होता. नवे पट्टे वर्षभर मागूनही आले नव्हते, म्हणून त्यांनीच जाड खिळे घासून चार पट्ट्यांना काटे बसवले होते. त्यांनी काटा अंगठ्याने दाबून पाहिला आणि माझ्याकडे वळले.

"बेटा, हात लावला होता का तू?"

मी म्हणालो, "हो."

एवढंच. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. माझा शब्द त्यांना पुरला. हात लागला होता, म्हणजे काटा भोकात होता. भोकात होता, म्हणजे भार पडल्यावर वाकून सुटला. म्हणजे चूक काटा बसवणाऱ्याची. त्यांच्या चेहऱ्यावर हा हिशेब एकेक पायरी उतरताना मी पाहिला आणि तोंड बंद ठेवलं. खरं काय ते मला कळलं होतं. थरथरत्या बोटांनी काटा भोकात गेलाच नव्हता, पट्टा नुसता बकलात ओढून बसला होता. एक हिसका दिला असता तर तिथल्या तिथे सुटला असता. वाकला तो बुवा कुशीवर आदळला तेव्हा, त्याच्या अंगाखाली.

बुवाचा खुबा मोडला होता. अकोल्याच्या दवाखान्यात चौथ्या दिवशी चौकशीचे साहेब येऊन गेले. त्यानंतर मी आत गेलो. बुवा छताकडे पाहत होता.

"साहेबाले काय सांगतलं तू?"

"हात लागला होता म्हनून."

"म्या बी तेच सांगतलं," तो म्हणाला. "मंग आता तेच राहू दे."

"चाचा सारं काट्यावर घेऊन राह्यले, बुवा. सोताच्या अंगावर."

"घेऊ दे. त्याहीची नोकरी सरत आली. नाई लागला म्हनलं त काहून नाई लागला, हे इचारतीन. मंग मी काय सांगू? कायदा हाय आता. मले बी काढतीन आन हात न लावता लागला म्हनला म्हून तुले बी काढतीन." मग डोळे मिटून म्हणाला, "तुया घरी बी खानारे हायेतच ना मास्तर."

चार वर्षांत आम्हा दोघांचं पहिल्यांदा कशावर तरी एकमत झालं. मी बाहेर आलो. दवाखान्याच्या पायरीवर चाचा बुवाच्या घरच्यांसाठी चहा घेऊन बसले होते.

चाचांनी लेखी दिलं की काटा आपणच बसवला होता. कोणी दबाव आणला नव्हता. त्यांना खांबावरून काढून अमरावतीला स्टोअरमध्ये बसवलं. जायच्या दिवशी त्यांनी आपण दुरुस्त केलेले पट्टे मागून घेतले आणि छिन्नीने एकेकाचं बक्कल तोडून टाकलं. "माह्या हातचं कोनी वापरू नका रे," म्हणाले. टोळीतले दोघे रडले. मी बाजूला जाऊन दोर गुंडाळत उभा राहिलो.

पुढे मी कायम झालो, लाइनमन झालो, माझीही बदली अमरावतीला झाली. तोवर चाचा निवृत्त होऊन अचलपूरला गेले होते. माझ्या हाताखाली टोळी आली. मी पोरांना चाचांचाच नियम शिकवला आणि तो मोडला तर त्यांच्याहून जास्त ओरडलो. माझ्या टोळीत एकही माणूस पडला नाही. लोक म्हणत, चांगल्या उस्तादाच्या हाताखाली शिकलेला दिसतो. मी हो म्हणायचो आणि त्या दिवशी जेवण जायचं नाही.

मग बुवा गेल्याचं कळलं. काविळीने गेला, लंगडत शेती करत होता म्हणे. आता खरं बोलून कोणाचंच काही जाणार नव्हतं, त्याचं नाही आणि कायम झालेल्या माझंही नाही. असं सगळं सुरक्षित झाल्यावर माझ्या अंगात धीर आला. मी रविवारची अचलपूरची बस पकडली.

चाचा दारातच बसले होते, चष्म्याचा एक दांडा दोऱ्याने बांधलेला. मला ओळखून उठले, गळ्याला मिठी मारली, आत ओरडून चहा सांगितला. टोळीतल्या एकेकाची चौकशी केली. मग म्हणाले, "बेटा, तू आला ते बरं झालं. तुले एक दाखवाचं हाय." आतून त्यांनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला. डब्यात काटे होते. खिळे घासून केलेले, पन्नास-साठ तरी असतील. काही सरळ, काही वाकलेले.

"फुरसत असली का एक बनवतो," ते म्हणाले. "मंग आढ्याले दोर बांधून त्याच्यावर पोतं टांगतो. दीड मन, दोन मन. हा पाह्य, दोन मनाले बी नाई वाकला. खिळा तोच, घासनी तीच. बुवा त काही दोन मनाच्या वर नोता. मंग तो काहून वाकला? सहा वर्सं झाले, मले समजून नाई राह्यलं."

हातातला चहाचा कप मी खाली ठेवला. बसमध्ये जुळवलेली वाक्यं एकही आठवेना.

"चाचा, तो भारानं नाई वाकला. काटा भोकात नोताच. मी हात लावला नोता."

त्यांनी डब्याचं झाकण हळू लावलं. मला वाटलं, आता ते एक लांब श्वास सोडतील. माझ्या मनाने त्यांच्यासाठी तो श्वास सहा वर्षं राखून ठेवला होता. किंवा मला हाकलून देतील. तेही चाललं असतं.

"त्या दिवशी नाई लावला?" त्यांनी विचारलं.

हो म्हणालो असतो तर तिथेच संपलं असतं. "कदीच नाई लावला," मी म्हणालो. "बुवाले चालत नोतं. पहिल्याच हप्त्यात तो सरकला. मंग मी लांबूनच म्हनत होतो."

"मी त तिथंच उभा राहत होतो. रोज."

"लांबून लागल्यावानीच दिसत होतं, चाचा."

ते चष्मा काढून पुसू लागले. आतून भांड्यांचा आवाज येत होता. दोऱ्याची गाठ सुटली, ती त्यांनी पुन्हा बांधली. मग त्यांनी जे विचारलं, त्याची तयारी मी बसमध्ये केली नव्हती. त्याचा विचार मी स्वतःही कधी केला नव्हता.

"आन त्यानं तुले? तुले लावत होता का हात?"

"नाई."

"चार वर्सं?"

"चार वर्सं."

"म्हंजे तू चार वर्सं," ते म्हणाले आणि त्यांचा आवाज फाटला, "माह्या टोळीत, माह्या डोयापुढे, कोनाचा हात न लागता वर जाऊन राह्यला होता."

मी मान खाली घातली. मला रडू येत होतं आणि ते बुवासाठी नव्हतं, चाचांच्या बदलीसाठीही नव्हतं. एवढ्या वर्षांत हे वाक्य कोणीच म्हटलं नव्हतं.

"मले काहून नाई सांगतलं बेटा?"

निदान इथे तरी खोटं बोलायचं नव्हतं. मी म्हणालो, "सांगतलं असतं आन तुमी बी काही केलं नसतं, त टोळीत मानूस मानावं असं मले कोनीच राह्यलं नसतं. त्याचं भेव वाटत होतं."

चहावर साय धरली. मग माझ्याकडे न पाहता ते म्हणाले, "नाईच केलं ना मी काही."